ब्रह्मदेशात कशाला जायचं?

"यंदा ब्रह्मदेशात जायचं म्हणतोय," असं कुणाला तरी सांगून बघा. समोरचा आधी जरा थबकतो, मग "म्हणजे म्यानमारच ना?" असं विचारून खात्री करून घेतो आणि तिसरं वाक्य हमखास येतं, "कशाला?" थायलंडला निघालेल्या माणसाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. सिंगापूर, दुबई, बाली, हल्ली व्हिएतनाम... तिथे सगळेच जातात, तेव्हा आपण का जातोय हे सांगायची वेळच येत नाही.

गेले तीन-चार महिने मी या "कशाला"ला तोंड देतोय. सौ.ने विचारलं, चिरंजीवांनी विचारलं, मुंबईच्या मामांनी फोन करून विचारलं. सुरुवातीला वैताग आला. पण जसजशी तयारी करत गेलो तसतसं वाटायला लागलं की प्रश्न अगदी रास्त आहे. जिथे फारसं कुणी जात नाही अशा देशाची तयारी याच प्रश्नापासून सुरू व्हायला हवी, व्हिसा आणि तिकीट त्यानंतर. आणि "कुणी जात नाही म्हणून" हे त्याचं उत्तर होऊ शकत नाही, असं माझं आता स्पष्ट मत झालंय. त्याबद्दलच आज जरा सविस्तर लिहितो. नातेवाईक मंडळींनाही एकदाच सगळं सांगून होईल, प्रत्येकाला वेगळा फोन नको!

तर आधी "कुणी जात नाही म्हणून" जाणाऱ्यांबद्दल. पूर्वी आपल्याकडे किल्ले मोजायची पद्धत होती, "किती झाले? माझे शंभर झाले." आता देश मोजतात. त्यात युरोपातले देश स्वस्तात पडतात, एका सहलीत पाच. मग ज्या देशाचं नावही नीट ऐकलेलं नसतं तिथे जाऊन आल्यावर भाव वधारतो. मी असे दोघे-तिघे ऐकलेत. विमानतळावर किती वेळ अडवून ठेवलं, रस्त्यावर बंदूकधारी कसे उभे होते, हे सगळं रंगवून सांगतात. पण तिथली माणसं काय खातात, कशाला घाबरतात, पोरांना कुठल्या शाळेत घालतात, हे विचारलं की गाडी अडते. दुसऱ्याच्या घरावरचं संकट हे आपल्या गप्पांचं भांडवल झालं की काहीतरी चुकतंय असं मला वाटतं.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणून मीना प्रभु आठवतात. त्या २०२५ च्या मार्चमध्ये गेल्या. 'गाथा इराणी' किंवा 'वाट तिबेटची' वाचून बाजूला ठेवलं की आपल्या मनात इमारतींपेक्षा माणसं जास्त उरतात. ज्या देशाबद्दल आपल्याला बातम्यांपलीकडे काही माहीत नसतं, त्या देशात त्या गप्पा मारायला गेल्यासारख्या जायच्या. 'कशाला?' याचं उत्तर त्यांच्याकडे होतं.

माझं उत्तर मात्र घरगुती आहे.

आमचं मूळ गाव आंबवडे, भोरपासून दहा-बारा किलोमीटरवर. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीत भरती झाले. "लढाईला ब्रह्मदेशात गेले आणि तिकडंच पडले," एवढंच आमच्या घरात सगळ्यांना माहीत. फोटो नाही. एक पितळी बिल्ला होता, तो वाटण्या झाल्या तेव्हा कुठे गेला कुणास ठाऊक. त्यांची मुलगी, म्हणजे आमच्या थोरल्या आत्या, तेव्हा पाळण्यात होत्या. आज त्यांनी ऐंशी ओलांडलीय. वडिलांचा चेहरा आठवायचा प्रश्नच नाही. त्यांना आठवते ती आईची पेन्शन, आणि ती आली की घरात होणारा गूळ-शेंगदाण्याचा लाडू.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची एक संस्था आहे. दोन्ही महायुद्धांत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने लढताना मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं ती सांभाळते, आणि त्यांची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. आपल्याकडची नावं इंग्रजी कारकुनाने ऐकू आली तशी लिहिलेली, त्यामुळे शोधायला चार रात्री गेल्या. सापडलं ते असं : शिपाई, पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, चौथी बटालियन, मार्च १९४४. पुढे वडिलांचं नाव, बायकोचं नाव आणि गाव. आंबवड्याचं स्पेलिंग असं केलंय की वाचणाऱ्याला ते गाव केरळात वाटावं. पण पुढे भोर लिहिलेलं होतं, त्यामुळे शंका राहिली नाही. आणि शेवटी : रंगून मेमोरियल.

हे आत्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, "आयचं बी नाव हाय?" आहे म्हटल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दगडावर बाबाचं नाव लिवलंय म्हन्तोस, तर येवढं वाचून ये की. मोठ्यानं वाच."

तर मंडळी, "कशाला?" याचं माझं उत्तर हे. एक नाव मोठ्याने वाचायला.

रंगून मेमोरियल हे यंगूनच्या उत्तरेला टौक्यान नावाच्या ठिकाणी आहे, शहरापासून तीसेक किलोमीटरवर. ज्यांचा मृतदेह सापडला नाही किंवा ज्यांची कबर माहीत नाही अशा सुमारे २७,००० जणांची नावं तिथे दगडी खांबांवर पलटणीनुसार कोरलेली आहेत. त्यातली बहुसंख्य हिंदुस्थानी सैनिकांची. त्यात मराठा आहेत, पंजाबी, गढवाली, मद्रासी, गुरखे सगळे आहेत. ब्रह्मदेशच्या लढाईवरचे सिनेमे पाहिलेत तर वाटेल की ती फक्त इंग्रज आणि जपानी यांच्यात झाली.

आणि शोधता शोधता एक गोष्ट अशी निघाली की ज्याची आमच्या घरात कुणाला कल्पनाच नव्हती. मार्च १९४४ मध्ये ही चौथी बटालियन ब्रह्मदेशात नव्हतीच! ती होती मणिपुरात, उखरूलच्या बाजूला सांगशाक नावाच्या नागा गावी. २२ ते २६ मार्च असे चार-पाच दिवस तिथे हिंदुस्थानी पॅराशूट ब्रिगेड आणि त्यांच्यासोबत आमची ही मराठा बटालियन जपान्यांना अडवून उभी होती. डोंगरमाथा कातळाचा, खंदक खणता येईनात, पाणी संपलेलं. २६ च्या रात्री मागे फिरायचा हुकूम आला. मेलेले तिथेच राहिले. त्या चार-पाच दिवसांच्या उशिरामुळे कोहिमा आणि इंफाळ यांना तयारीला वेळ मिळाला, असं युद्धाचा इतिहास लिहिणारे मानतात.

म्हणजे बघा, भोर संस्थानातला माणूस, पंतसचिवांची प्रजा, इंग्रजांच्या पलटणीतून मणिपूर संस्थानात गेला आणि जपान्यांच्या गोळीने मेला. नाव मात्र लागलं रंगूनला. भोर १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, मणिपूर १९४९ मध्ये भारतात आलं आणि ब्रह्मदेश १९४८ मध्ये वेगळा स्वतंत्र झाला. आत्यांच्या वडिलांचा देह एका देशात आणि नाव दुसऱ्या देशात, ते असं.

जपानी लोकांबद्दल या निमित्ताने बरंच वाचलं. त्यांची घरची माणसं, जुने सैनिक, भिक्षू, वर्षानुवर्षं ब्रह्मदेशात आणि मणिपुरात येत राहिली, आपल्या माणसांची हाडं शोधायला आणि प्रार्थना करायला. इंफाळजवळच्या टेकडीवर त्यांचं स्मारक आहे, संग्रहालयही झालंय. जपानी तर हल्ला करून आले होते, हरले होते. आणि आपण? मावळात, साताऱ्यात, कोकणात, कोल्हापुरात "तिकडंच पडला" एवढ्या दोन शब्दांवर तीन पिढ्या काढलेली घरं किती असतील! पैसा नव्हता, माहिती नव्हती हे खरं. पण आता दोन्ही थोडंफार आहे. त्यामुळे "कशाला?" याचा उलटा प्रश्नही मला विचारावासा वाटतो, की इतकी वर्षं का नाही?

बरं, ब्रह्मदेश मराठी माणसाला परका तरी कुठे होता? टिळकांना जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, सप्टेंबरात मंडालेला नेलं आणि जून १९१४ मध्ये सोडलं. 'गीतारहस्य' तिथल्या लाकडी कोठडीत पेन्सिलीने लिहिलं गेलं, छापून आलं १९१५ मध्ये. १९१२ मध्ये सत्यभामाबाई गेल्याची तार त्यांना तिथेच मिळाली. आणि त्याआधीची उलटी ये-जा : १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं, थिबा राजाला आधी मद्रासला आणि १८८६ मध्ये रत्नागिरीला आणून ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला. थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू रत्नागिरीतच वाढली, म्हातारी झाली, मराठीतच बोलली. २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन या राजाच्या समाधीला नमस्कार करायला रत्नागिरीला आले होते. ते आले तेव्हा त्यांना "कशाला?" असं कुणी विचारलं नसणार.

आता दुसरी बाजू. लोक तिथे का जात नाहीत? हेही समजून घ्यायला हवं, "लोक उगाच घाबरतात" असं म्हणून चालणार नाही. २०१९ मध्ये म्यानमारला वर्षाला चाळीस लाखांच्या वर परदेशी माणसं जात होती. मग कोरोना, आणि १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराचं बंड. त्यानंतर देशाच्या मोठ्या भागात यादवी पेटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा लागू केला तेव्हा तरुण पोरं देश सोडून पळायला लागली. त्याच महिन्यात आपल्या परराष्ट्र खात्याने राखाइन प्रांतात जाऊ नका असं सांगितलं. २८ मार्च २०२५ ला मंडालेजवळ ७.७ चा भूकंप झाला, साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. मामांनी फोनवर सांगितलं ते "पोरांना नोकरीच्या नावाखाली नेऊन डांबतात" हेही खोटं नाही. त्याच मार्चमध्ये थायलंडच्या सीमेजवळच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं होतं.

सक्तीच्या भरतीची बातमी वाचताना मला थांबायला झालं. आमचे चुलत आजोबा काही सक्तीने गेले नव्हते, पण पोटासाठी गेले होते. १९४०च्या सुमाराला डोंगराळ भागात चार गुंठे भातखाचरावर किती भाऊ जगणार? तिथल्या विशीतल्या पोराला आज दोन दरवाजे दिसत असतील, पलटण नाहीतर परदेश. अशा देशात मी पर्यटक म्हणून खिशात डॉलर घालून उतरणार. याचा विचार करावाच लागतो.

आणि पैशाचा प्रश्न त्याहून अवघड. आपण दिलेला व्हिसाचा पैसा सरकारकडेच जातो, म्हणजे लष्कराकडे. १९९६ मध्ये तिथल्या सेनानींनी 'म्यानमारला भेट द्या' असं वर्ष साजरं करायचं ठरवलं तेव्हा आंग सान सू ची यांनी जगाला सांगितलं होतं की येऊ नका. २०११ मध्ये त्यांच्या पक्षाने भूमिका सैल केली : मोठमोठ्या सहली नकोत, पण लोकांना भेटायला, समजून घ्यायला एकटेदुकटे येणारे चालतील. पुढे २०२१ मध्ये त्यांना स्वतःलाच पुन्हा अटक झाली. "जाऊच नये" म्हणणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, अर्धंच पटतं. कुणीच गेलं नाही तर चहाच्या टपरीवाल्याचं, टॅक्सीवाल्याचं, चार खोल्यांची खाणावळ चालवणाऱ्या बाईचं काय? त्यांना बंडाने मारलं, भूकंपाने मारलं, आता आपण बहिष्काराने मारायचं का?

इथे मला आमच्या आंबवड्याचा अनुभव उपयोगी पडतो. आमच्याकडे पंतसचिवांच्या काळातला झुलता पूल आहे, पलीकडे दाट झाडीत नागेश्वराचं देऊळ आहे. परिसरातच कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. "होता जिवा म्हणून वाचला शिवा" ही म्हण अख्ख्या महाराष्ट्राला पाठ, पण तो जिवा इथे आहे हे पुण्यातल्या कितीजणांना माहीत असतं? पावसाळ्यात शनिवार-रविवारी गाड्या येतात. त्यांतले बरेच पुलावर फोटो काढतात, वेफर्सची पाकिटं टाकतात आणि समाधीसमोरून तसेच निघून जातात. त्याच वेळी बाजूच्या खाचरात गुडघाभर चिखलात लावणी चाललेली असते, तिचाही फोटो निघतो, न विचारता. आणि क्वचित एखादा असा येतो की जो थांबतो, विचारतो, "ही कुणाची समाधी? तुम्ही जेधेंपैकी का?" त्याला गावातले लोक घरी नेऊन चहा पाजतात. एकाला तर जेवायला थांबवून घेतलं होतं.

दोघेही बाहेरचेच. दोघांचा पेट्रोलचा खर्चही तेवढाच. फरक एवढाच की एक जण कुणाकडे तरी आला होता. फारसं कुणी जात नाही अशा देशातही मला त्या दुसऱ्यासारखंच जायचंय. तिथे आपलं काय आहे हे माहीत करून, तेवढ्यापुरतं, आणि त्या लोकांवर आपला भार न टाकता.

यावरून माझा बेत असा ठरलाय :

आधी मणिपूर. तिथेही मे २०२३ पासून हिंसाचाराने घरं उद्ध्वस्त झालीत, त्यामुळे स्थानिक माणसं "या" म्हणेपर्यंत तिकीट काढायचं नाही. डिसेंबर २०१९ पासून मणिपूरला जायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं, ते काढायचं. सांगशाकला एक दिवस पुरे. ज्या गावावर ती लढाई कोसळली त्या गावातल्या लोकांचंही तेव्हा बरंच काही गेलं असणार, तेही ऐकायचंय.

मग यंगून, चार दिवस. कोलकात्याहून विमानाने दोन तासांच्या आत-बाहेरचा प्रवास. दिल्लीपेक्षा लांब नाही! रस्त्याने मोरेवरून जायची माझी हौस होती. २०१८ मध्ये ती सीमा व्हिसावाल्या प्रवाशांसाठी उघडली तेव्हा आपल्याकडचे मोटारसायकलवाले गेलेही होते, पण आता तो विषय बंद. राहायचं लहानशा घरगुती ठिकाणी, खायचं टपरीवर. तिकडे आपली कार्डं चालतील या भरवशावर राहायचं नाही, डॉलरच्या नोटा न्यायच्या आणि त्याही कोऱ्या करकरीत. घडी पडलेली नोट घेत नाहीत म्हणे! आत्यांना तिथून व्हिडिओवर दाखवायचं डोक्यात होतं, पण इंटरनेटवर बंधनं आहेत, फेसबुक तर बंडापासूनच बंद केलं होतं. म्हणून वाचताना फोनवर ध्वनिमुद्रण करायचं आणि परत येऊन ऐकवायचं.

मंडाले नाही. हे ठरवणं सगळ्यात जड गेलं, कारण 'गीतारहस्य' आमच्या आजोबांच्या कपाटात होतं आणि लहानपणापासून तो शब्द कानावर आहे. पण किल्ल्याचा बराच भाग लष्कराच्या ताब्यात, परदेशी माणसाला पूर्वेच्या दरवाजाने आत जाऊन राजवाड्यापुरतंच फिरता येतं. वर भूकंपाने ते शहर मोडलेलं. तिथे मी जाणार तो "आलोच आहोत तर" म्हणून. आणि "आलोच आहोत तर" हे आपल्या मराठी पर्यटकांचं आवडतं वाक्य अशा देशात बाळगू नये, असं मला वाटतं. सुखवस्तू देशात त्याने फक्त पाय दुखतात. इथे त्याचा त्रास दुसऱ्या कुणाला तरी होऊ शकतो.

आणि परिस्थिती बिघडली तर? नाही जाणार. हे सौ.ला लेखी दिलंय असं समजा. टौक्यानची कबरस्तानं आणि तो दगड इतकी वर्षं उभे आहेत, आणखी वर्षभर थांबतील. थांबणार नाही ते आत्यांचं वय, ही एकच घाई आहे. म्हणून तोवर एक केलंय. त्या नोंदीचा कागद मोठ्या अक्षरात छापून, खाली मराठीत लिहून आत्यांना दिलाय. त्यांनी तो देव्हाऱ्याशेजारी चिकटवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात.

आता एक विनंती, विशेषतः भोर-वेल्ह्याकडच्या मंडळींना. घरात कुणी "लढाईत तिकडंच पडला" असं ऐकलं असेल तर जुन्या ट्रंका जरा उघडा. पेन्शनचा कागद, बिल्ला, सुटीचा पास, काहीही चालेल. त्यावर शिपायाचा नंबर मिळाला तर काम सोपं होतं. नाव शोधताना आडनावाच्या मागे लागू नका, बहुतेकांची नावं अर्धवटच नोंदलेली आहेत. स्पेलिंग चार-पाच प्रकारे करून बघा, आणि गावापुढे भोर नसेल तर पूना किंवा सातारा घालून बघा. सापडलं तर मला कळवा. मी जाईन तेव्हा त्या नावांची यादी सोबत नेईन. एक नाव वाचायला जातोच आहे, दहा वाचायला जास्त वेळ लागत नाही.